नाकाखालची पिवळी खपली: लहान मुलांमधला इम्पेटायगो ओळखण्यापासून बरा होईपर्यंत

माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिला सर्दी झाली होती आणि नाक पुसून पुसून नाकाखालची कातडी सोलवटली होती. एका सकाळी तिथे पिवळट काहीतरी चिकटलेलं दिसलं. वाळलेला शेंबूड असेल असं समजून मी ओल्या फडक्याने ते पुसून काढलं. दोन तासांनी ते परत तिथेच. मी परत पुसलं, आणि त्याच फडक्याने तिचे गाल आणि हनुवटीही पुसली. तिसऱ्या दिवशी हनुवटीवर दोन आणि गालावर एक नवी फोडी उठली. फडकं ज्या वाटेने फिरलं होतं, त्याच वाटेने.

आठवडाभरात तिच्या सात वर्षांच्या भावाच्या गुडघ्यावर तसंच दिसायला लागलं. दोघांना पूर्ण बरं वाटायला जवळपास पाच आठवडे गेले. त्यातले निदान तीन आठवडे माझ्या चुकांमुळे वाया गेले. आजार अवघड नव्हता, पण मलम नेमकं कसं लावायचं हे मला कुणी करून दाखवलं नव्हतं. त्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषध डॉक्टरांकडूनच घ्या. घरी जे करावं लागतं, त्यासाठी हा लेख आहे.

१. आधी हा आजार काय आहे ते समजून घ्या

इम्पेटायगो म्हणजे त्वचेच्या अगदी वरच्या थराला होणारा जिवाणूंचा संसर्ग. तो मुख्यतः दोन जिवाणूंमुळे होतो: स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस. कधी एकामुळे, कधी दोन्हींमुळे. सगळ्यात जास्त दिसतो तो दोन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार कोणत्याही एका वेळी १६ कोटींहून जास्त मुलांना हा संसर्ग असतो. तेव्हा निदान झाल्यावर "आपल्याच घरात असं कसं झालं, आपण मुलांना अस्वच्छ ठेवतो का," या विचाराने मी जशी दोन रात्री झुरले तशा तुम्ही झुरू नका. रोज आंघोळ करणाऱ्या, स्वच्छ कपडे घालणाऱ्या मुलांनाही हा होतो.

हे जिवाणू धडधाकट कातडीतून सहसा आत शिरत नाहीत. त्यांना फट लागते. सर्दीने सोलवटलेली नाकाखालची जागा, किडा चावल्यावर खाजवलेला ठिपका, खरचटलेला गुडघा, इसबाने फुटलेली कातडी, यातलं काहीही पुरतं. नाकाभोवतीच जास्त का होतो, हेही लक्षात घ्या. साधारण चारातल्या एका माणसाच्या नाकपुडीत स्टॅफिलोकोकस काही त्रास न देता राहत असतो. मूल नाकात बोट घालतं, तेच बोट सोलवटलेल्या कातडीला लागतं आणि संसर्ग सुरू होतो.

संसर्ग वरच्या थरातच राहतो, म्हणून बरा झाल्यावर सहसा व्रण उरत नाही. मुलीच्या चेहऱ्यावर कायमचे डाग राहतील ही भीती मला सगळ्यात जास्त होती, म्हणून हे सुरुवातीलाच सांगते.

२. ओळखायचा कसा

याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला खपलीचा. सुमारे सत्तर टक्के मुलांना हाच होतो. टाचणीच्या डोक्याएवढी लाल फोडी येते, एका दिवसात फुटते, तिच्यातून चिकट पाणी पाझरतं आणि वाळून मधाच्या रंगाची जाडसर खपली धरते. ती कातडीवर वरून चिकटवल्यासारखी दिसते. खपली काढली तर खाली ओलसर लाल जागा असते आणि थोड्या वेळात पुन्हा पाणी सुटून नवी खपली तयार होते. हीच याची खूण. वाळलेला शेंबूड पुसला की खाली साधी कातडी दिसते, इथे ओली जखम दिसते. मी पहिल्याच दिवशी उजेडात नीट पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

दुसरा मोठ्या फोडांचा. हा तान्ह्या आणि अगदी लहान मुलांत जास्त दिसतो, बहुधा पोटावर, काखेत, जांघेत किंवा लंगोटाच्या जागी. पातळ सालीचे, लुळे, आधी स्वच्छ आणि मग गढूळ पाण्याने भरलेले फोड येतात. फुटले की कडेला सालीची गोल झालर राहते. हा प्रकार फक्त स्टॅफिलोकोकसमुळे होतो. त्याचं विष त्वचेच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं डेस्मोग्लीन-१ नावाचं प्रथिन तोडतं, त्यामुळे वरचा थर सुटून त्याखाली पाणी भरतं.

मुलाला बहुधा ताप नसतो, दुखणंही फारसं नसतं. थोडी खाज असते. मूल मजेत खेळत असतं, म्हणूनच आपण "बघू उद्या" म्हणत दिवस ढकलतो.

३. गल्लत कशाशी होते

हर्पिस या विषाणूच्या संसर्गातही ओठांजवळ फोड येतात, पण ते बारीक, झुबक्याने आलेले आणि चांगलेच दुखरे असतात. नायट्याची कड वर उठलेली आणि गोल असते, मधला भाग साफ होत जातो. कांजिण्या ताप घेऊन येतात आणि अंगभर वेगवेगळ्या टप्प्यांवरचे फोड एकाच वेळी दिसतात.

खरजेबद्दल मात्र जरा थांबून वाचा. खरजेत मूल रात्री खूप खाजवतं, त्या ओरखड्यांत हे जिवाणू शिरतात आणि वर इम्पेटायगोच्या खपल्या दिसतात. अशा वेळी नुसत्या खपल्यांवर उपचार केले तर त्या बऱ्या होऊन पुन्हा उठतात, कारण मूळ खाज तशीच राहते. मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला खाज असेल किंवा घरात आणखी कुणी रात्री खाजवत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. डोक्यात उवा असतील आणि मानेवर खपल्या आल्या असतील, तर तिथेही तेच.

४. कधी अजिबात थांबायचं नाही

- मूल एक वर्षाच्या आतलं आहे आणि मोठे फोड आले आहेत. नवजात बाळ असेल तर तासभरही थांबू नका.
- अंगभर कातडी लाल झाली आहे, हात लावला तरी मूल कळवळतं, कातडी भाजल्यासारखी सोलून निघते आहे.
- खपलीभोवतीची लाली पसरत चालली आहे, जागा गरम आहे, ठणकते आहे.
- ताप आहे, मूल मलूल आहे, खात-पीत नाही.
- डोळ्याच्या अगदी जवळ किंवा पापणीवर आलं आहे.
- इसब असलेल्या मुलाला अचानक एकसारखे, दुखरे, खोलगट फोड आले आहेत. हा हर्पिसचा पसरलेला संसर्ग असू शकतो.
- मुलाची प्रतिकारशक्ती एखाद्या आजाराने किंवा औषधाने कमी झालेली आहे.

मानेत किंवा जबड्याखाली छोटं अवधाण आलं तर घाबरू नका. जवळच्या जखमेमुळे गाठ सुजते. पण ती मोठी होत गेली, लाल झाली किंवा दुखायला लागली तर दाखवा.

५. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं

- रोज एक, दिवसाउजेडी काढलेला जागेचा फोटो. दवाखान्यात पोचेपर्यंत मुलाने खपली ओरबाडलेली असते, मग फोटोच कामी येतो.
- मुलाचं आताचं वजन. पातळ औषधाचा डोस वजनावरून ठरतो.
- आधी लावलेली सगळी मलमं, प्रत्यक्ष ट्यूबसकट.
- पेनिसिलिन किंवा इतर कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर त्याची नोंद.
- घरात, शाळेत आणखी कुणाला असं झालंय का, याची माहिती.

ट्यूबा न्या असं का म्हणते ते सांगते. पहिले चार दिवस मी घरात पडून असलेलं, खाजेवरचं एक जुनं मलम लावत होते. दोन दिवस लाली कमी दिसली, मला बरं वाटलं. मग एकदम पसरलं. त्या मलमात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, पण जिवाणूंना आवरणारी त्वचेची प्रतिक्रियाही दबते. बुरशीवरचं, जिवाणूंवरचं आणि स्टेरॉइड अशी तीन औषधं एकत्र असलेली मलमंही अशीच सर्रास लावली जातात. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय ती लावू नका.

६. उपचार काय मिळतील

जागा थोड्या आणि एकाच भागात असतील तर बहुधा फक्त लावायचं औषध देतात. फ्युसिडिक ॲसिड किंवा म्युपिरोसिन यांचं २ टक्क्यांचं मलम दिवसातून दोन-तीन वेळा, पाच दिवस, हा नेहमीचा उपचार. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शनात, एरवी निरोगी असलेल्या मुलाला मोजक्याच खपल्या असतील तर १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम आधी वापरून पाहायला सांगितलं आहे, म्हणजे अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू वाढायला कमी वाव मिळतो. हे क्रीम वेगळं आणि जखमा धुवायचं बाटलीतलं पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड वेगळं. एकाऐवजी दुसरं वापरू नका.

"नुसतं मलम देऊन बोळवण केली," असं मला तेव्हा वाटलं होतं. तसं वाटून घेऊ नका. थोड्या जागा असतील तर चांगलं मलम पोटात घ्यायच्या औषधाइतकंच काम करतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे, आणि मुलाला जुलाब-उलट्यांचा त्रासही होत नाही.

खपल्या बऱ्याच असतील, मोठे फोड असतील किंवा मूल आजारी वाटत असेल तर तोंडावाटे अँटिबायोटिक देतात, बहुतेक वेळा पाच ते सात दिवस. सेफॅलेक्सिन, फ्लुक्लॉक्सासिलिन, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट ही त्यातली नेहमीची नावं. साधं पेनिसिलिन इथे बहुधा पुरत नाही, कारण बहुतेक स्टॅफिलोकोकस त्याला दाद देत नाहीत. म्हणून घशासाठी आणलेलं उरलेलं औषध यासाठी देऊ नका. पातळ औषध प्रत्येक वेळी हलवून, सोबत आलेल्या मापाने किंवा सिरिंजने द्या. स्वयंपाकघरातला चमचा मापाला चालत नाही.

७. खपली भिजवा, मग मलम लावा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. मी दुसरा आठवडा इथेच घालवला. योग्य मलम मिळालं होतं, दिवसातून तीनदा न चुकता लावत होते, पण सुकलेल्या खपलीच्या वर. जिवाणू खपलीच्या खाली आणि मलम वर. एका परिचारिका ताईंनी स्वतःच्या हाताने करून दाखवलं, तेव्हा कळलं.

लागणारं सामान: मुलासाठी वेगळा मऊ टॉवेल, स्वच्छ सुती कापडाचे छोटे तुकडे किंवा गॉझ, कापसाच्या काड्या, सौम्य साबण, कोमट पाणी, नखं कापायचं नेलकटर, झाकण असलेला कचऱ्याचा डबा.

पद्धत अशी:

आधी स्वतःचे हात साबणाने निदान वीस सेकंद धुवा. कापडाचा तुकडा कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि खपलीवर नुसता ठेवून द्या. घासायचं नाही. पाच ते दहा मिनिटं तसाच राहू द्या, गार झाला की पुन्हा कोमट करून ठेवा. चार वर्षांचं मूल दहा मिनिटं एका जागी बसत नाही. मी तिला मांडीवर आडवी घेऊन गोष्ट सांगायची, गोष्ट संपली की कापड काढायचं. खपली फुगून पांढरट, मऊ होते आणि कडा उचलल्या जातात. मग साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने, आतून बाहेर न पसरवता, सुटलेला भाग टिपून घ्या. जेवढी सुटेल तेवढीच काढा. ओढून रक्त काढलंत तर नवी फट तयार होते. उरलेली पुढच्या वेळी सुटेल.

एका जागेचं कापड दुसऱ्या जागेला लावायचं नाही. माझ्या फडक्याने काय केलं ते वर सांगितलंच आहे. जागा टिपून कोरडी करा आणि कापसाच्या काडीने मलमाचा पातळ थर लावा, कडेच्या थोड्या निरोगी कातडीसकट. ट्यूबचं तोंड जखमेला टेकवू नका. प्रत्येक जागेला नवी काडी. वापरलेलं सगळं लगेच डब्यात. मग पुन्हा हात धुवा.

मूल खाजवत असेल तर जागेवर गॉझ सैलसर बांधा. नखं अगदी बारीक कापा. रोज आंघोळ घाला, पण मोठ्या टबात भावंडांना एकत्र बसवू नका.

इथे दोन सापळे आहेत. एक म्हणजे जंतुनाशक द्रव पाणी न मिसळता लावणं. जळजळ झाली म्हणजे औषध लागू पडतंय, असं घरातली मोठी माणसं म्हणतात, पण त्याने मुलाची नाजूक कातडी भाजते आणि संसर्गाला आणखी जागा मिळते. घरगुती लेपांचंही तेच, उघड्या जखमेवर ते लावू नका. दुसरा सापळा म्हणजे तिसऱ्या दिवशी खपली पडली, जागा गुलाबी दिसली म्हणून मलम बंद करणं. मुलाच्या गुडघ्याचं मी असंच बंद केलं आणि सहाव्या दिवशी त्याच जागी पुन्हा पाणी सुटलं. जितके दिवस सांगितलेत तितके पूर्ण करा. आणि "असू दे लावून" म्हणून आठवडेच्या आठवडे लावतही बसू नका, जिवाणू औषधाला सरावतात.

८. घरात इतरांपर्यंत पोचू देऊ नका

लागण झाल्यापासून फोडी दिसेपर्यंत साधारण चार ते दहा दिवस जातात. म्हणून दुसऱ्या मुलाला आठवड्याने झालं तर तो नवा आजार नसतो, घरातलाच फिरत असतो. उपचार चालू असेतो बाकीच्या मुलांच्या अंगावर रोज एकदा नजर टाका, विशेषतः जिथे खरचटलंय किंवा किडा चावलाय तिथे.

टॉवेल, रुमाल, उशीचा अभ्रा, अंथरूण वेगळं ठेवा. अभ्रा आणि टॉवेल रोज बदला. कपडे शक्यतो ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. धुता येणारी खेळणी साबणाने धुवा, मऊ खेळणी काही दिवस बाजूला ठेवा. आमच्या घरी सगळ्यांचे हात पुसायला एकच टॉवेल खुंटीला असायचा. मुलाला बहुधा त्यातूनच लागण झाली. तो टॉवेल तेव्हापासून गेला.

मुलाला जवळ घेणं थांबवू नका. जागा झाकलेली असावी आणि नंतर हात धुवावेत, एवढं पुरतं. माझी मुलगी दोन दिवस "मला कुणी पापी का देत नाही" विचारत होती. तिला कपाळावर पापी दिली असती तरी चाललं असतं.

९. शाळेत कधी पाठवायचं

अँटिबायोटिक सुरू करून अमेरिकेत साधारण २४ तास आणि ब्रिटनमध्ये ४८ तास झाल्यावर मुलाला शाळेत पाठवता येतं. औषध घेतलं नसेल तर सगळ्या जागा सुकून बऱ्या होईपर्यंत घरी ठेवायचं. आपल्या शाळेचा किंवा पाळणाघराचा नियम विचारून घ्या. उघड्या जागा झाकूनच पाठवा. पोहणं आणि अंगाला अंग लागणारे खेळ पूर्ण बरं होईपर्यंत नकोत.

शिक्षकांना स्पष्ट सांगा. लाजेने लपवलं तर वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या आईचे आठवडे वाया जातात, आणि संसर्ग फिरून तुमच्याच मुलाकडे येऊ शकतो.

१०. सुधारणा कशी मोजायची

दोन-तीन दिवसांत नवी फोडी येणं थांबलं पाहिजे आणि जुन्या जागा सुकायला लागल्या पाहिजेत. सात ते दहा दिवसांत बहुतेक साफ होतं. राहिलेला गुलाबी किंवा फिकट डाग काही आठवड्यांत मावळतो, त्यावर काही लावू नका.

तसं झालं नाही तर परत जा. जखमेतला नमुना तपासायला देता येतो, म्हणजे कुठला जिवाणू आहे आणि कुठल्या औषधाला दाद देतो ते कळतं. एमआरएसए नावाचा, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस असेल तर औषध बदलावं लागतं. इम्पेटायगो वारंवार होत असेल तर मुलाच्या आणि घरच्यांच्या नाकपुड्यांची तपासणी करून, गरज पडल्यास नाकात लावायचं मलम काही दिवस देतात. हा निर्णय डॉक्टरांचा.

खपलीखाली खोल, कडा कापल्यासारखा खड्डा पडलेला दिसला, तर संसर्ग खालच्या थरात उतरला आहे. त्याचे व्रण राहू शकतात आणि त्याला नुसतं मलम पुरत नाही.

११. बरं झाल्यावर पुढचे काही आठवडे

खपल्या गेल्या की आपण विसरून जातो. पण स्ट्रेप्टोकोकसमुळे झालेल्या संसर्गानंतर काही थोड्या मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. शरीराने जिवाणूंविरुद्ध केलेल्या प्रतिक्रियेतून ती येते, आणि त्वचेच्या संसर्गानंतर बहुधा तीन ते सहा आठवड्यांनी दिसते. हे विरळ आहे आणि बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. अँटिबायोटिक पूर्ण घेतलं तरी हे टळेलच असं नाही, म्हणून लक्ष ठेवायचं.

मुलाची लघवी काळ्या चहासारखी तपकिरी दिसते का, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज असते का, पाय सुजतात का, लघवी कमी होते का, डोकं दुखतं का. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा आणि "महिन्यापूर्वी इम्पेटायगो झाला होता" हे वाक्य आधी सांगा. इतक्या जुन्या खपलीचा संबंध कुणाच्या सहज लक्षात येत नाही. मी कॅलेंडरवर सहाव्या आठवड्याच्या रविवारी पेन्सिलीने गोल केला होता. तोवर रोज सकाळी मुलांचे डोळे बघायचे आणि लघवीचा रंग विचारायचा.